प्रणालीच्या नावानं

अकोल्याच्या जठारपेठेत सकाळी साडेआठच्या सुमाराला, एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात स्कूटीची किल्ली घेऊन ती वळली, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "ए मंजे!" आणि ती थांबली. डोक्याला विचारलं असतं तर थांबू नको म्हणालं असतं. सत्तावीस वर्षं त्याला तशी तालीम होती. बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कुठल्याशा कार्यालयाच्या रांगेत कुणी दुसऱ्याच एखाद्या मंजूला हाक मारली, तरी मान वळू द्यायची नाही, पापणीसुद्धा हलू द्यायची नाही, हे ती कधीच शिकून चुकली होती. पण पायांना कुणी ते शिकवलं नव्हतं. बंदुकीचा बार झाला की सुटायचं आणि शिट्टी वाजली की थांबायचं, एवढंच त्या बापड्यांना ठाऊक. उजवा पाय जागच्या जागी रुतला आणि मेथीच्या मुळांची माती कुडत्यावर सांडली. ती माती झटकण्याच्या निमित्तानं तिनं मान खाली घातली, पण आता उशीर झाला होता.

हाक मारणारी जाईबाई होती. गावाकडची, माहेरच्या घरापासून दोन घरं सोडून राहणारी. धाकट्या लेकाकडे अकोल्यात राहायला आल्यापासून तिनं चौकात फुलांची परात मांडली होती.

"थांबली म्हंजे तूच हायस," जाईबाई म्हणाली. "मले वाटलं, ही आता खरीखुरी प्रणालीच झाली का काय."

"मावशी, हळू बोला जरा."

"हळू कायले? इथं मले कोन वयखते? आयक. मी काल गावाऊन आली. तुह्या मायनं फोटो लावला. समोरच्या खोलीत, तुह्या बापाच्या बाजूले. अमरावतीऊन नवी फ्रेम करून आनली. खाली नाव टाकलं."

"कोनतं नाव?"

"खरं नाव. दुसरं कोनतं टाकन?" जाईबाईनं शेवंतीवर पाणी शिंपडलं. "म्हने, पोरीले सांगजो, मले आता कोनाचंच भेव नाई रायलं."

आता हे नावाचं काय प्रकरण आहे ते सांगून टाकलेलं बरं, झाकून काही उपयोग नाही. कागदावर ती प्रणाली पुंजाराम होले. आठशे मीटरच्या शर्यतीत तीन वेळा देशात पहिली आलेली, अमरावतीच्या वर्तमानपत्रांनी 'वऱ्हाडची हरणी' म्हणून डोक्यावर घेतलेली. पासपोर्टवर तेच नाव, लग्नपत्रिकेत तेच, आणि ज्या सरकारी कचेरीत ती क्रीडा कोट्यातून लागली तिथल्या टेबलावरच्या पाटीवरही तेच. नवरा, कुलदीप, तिला लाडानं प्रणू म्हणतो. पण बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव मंजुषा. प्रणाली ही तिची धाकटी बहीण, तिच्याहून तीन वर्षांनी लहान, आणि ती प्रणाली सत्तावीस वर्षांपूर्वी गेली. कुलदीपला हे माहीत नाही. कचेरीला माहीत नाही. आपण मात्र तिला मंजुषाच म्हणू. कागद काय, त्यांना शिकवू तसे ते बोलतात.

आणि नेमकं आजच दुपारी तीन वाजता अमरावतीच्या समितीची माणसं तिच्या माहेरी येणार होती. येत्या रविवारी तिथल्या नव्या धावपट्टीचं उद्घाटन. प्रवेशद्वारावर तिचं मोठं चित्र आणि नाव लागायचं होतं, आणि कार्यक्रमात दाखवायला तिच्यावर एक छोटी फिल्म. त्यासाठी त्यांना तिचं माहेर हवं होतं, मळा हवा होता, आई हवी होती. "मायमाउलीच्या तोंडून दोन शब्द," असं समितीचे चिटणीस सूर्यभान सर फोनवर गहिवरून म्हणाले होते. ही माणसं समोरच्या खोलीत बसणार, चहा पिणार, आणि भिंतीवर पुंजारामच्या तसबिरीशेजारी, हार घातलेली दुसरी तसबीर, 'कै. कु. प्रणाली पुंजाराम होले'. मंजुषानं स्कूटी तिथंच एका ओळखीच्या दुकानासमोर लावली, मेथी जाईबाईच्या पदरात टाकली आणि रिक्षा केली. बसमध्ये बसल्यावर कुलदीपला फोन केला. माय एकटी आहे, आवरायला मदत लागेल, म्हणून लवकर निघाले, म्हणाली. थाप इतकी सहज निघाली की तिचं तिलाच वाईट वाटलं. एक वाजेपर्यंत पोचायचं, फोटो उतरवायचा, मायची समजूत काढायची. दोन तास पुष्कळ झाले. तिनं सगळं आयुष्य सेकंदाच्या दहाव्या भागावर काढलं होतं.

बोरगाव गेलं, कुरणखेड गेलं. खिडकीबाहेर वेचणी संपत आलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या काळ्या मातीत उभ्या होत्या. गुडघे दुखायला लागले तसे तिनं पाय बाकाखाली लांब केले. मागच्याच महिन्यात अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून म्हटलं होतं, "सदतीस वर्षांच्या मानानं झीज जरा जास्तच आहे, ताई." गुडघे चाळिशीचे होते. सगळ्या अंगात खरं बोलणारे तेवढेच. त्या डॉक्टरांना एकदम सांगून टाकावं असं तिला क्षणभर वाटलं होतं, माणूस दाढदुखी सांगतो तसं. मग फी देऊन ती बाहेर आली. असे क्षण अधूनमधून यायचेच. मतदानाच्या केंद्रावर तो माणूस यादीतलं नाव मोठ्यांदा वाचायचा आणि बोटाला शाई लावायचा, तेव्हा तिला वाटायचं की बोट माझं आणि शाई तिला लागली. लग्नात होमासमोर नाव घ्यायची वेळ आली तेव्हाही असंच झालं होतं. दहा वर्षांची पोर, तिचं लग्न लागलं, ती विमानात बसली, तिच्या नावानं भविष्यनिर्वाह निधी साठला. आणि मंजुषा? शाळेच्या हजेरीपटावर ती सातवीपर्यंत होती, पुढं नुसत्या रेघा. तिला कुणी मारलं नाही, पण ती कुठं आहे असंही कुणी कधी विचारलं नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वीच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाची पहाट. त्या दिवशी मळ्यात घरचं एकूण एक माणूस लागतं, कारण झेंडू उजाडायच्या आत तोडला तरच बाजारात टवटवीत दिसतो. ओळी वाटून दिलेल्या असायच्या. विहिरीकडची ओळ मंजुषाची. माय उठवायला आली तेव्हा ती म्हणाली, "जरासं अजून, माय." जरासंच. प्रणाली उठून गेली, टोपलं घेऊन, ताईच्या ओळीत. मग हाक ऐकू आली. ती हाक मंजुषाला आठवत नाही, आठवतात ते पाय. वाड्याच्या दारातून ती निघाली तशी अनवाणी निघाली. मालाचा टेम्पो फाट्यावर उभा होता, तीन किलोमीटरवर, कारण मळ्यापर्यंतच्या पायवाटेवर यायला ड्रायव्हर कुरकुरायचा. तीन किलोमीटर ती कुठंही न थांबता पळाली, आणि ड्रायव्हर तिचं तोंड पाहूनच टेम्पो घेऊन निघाला. टेम्पोत अर्धा माल आधीच भरलेला. त्याच झेंडूच्या ढिगावर प्रणालीला निजवलं. तिचा पाय काळा पडत चालला होता आणि ती म्हणत होती, "ताई, मले झोप येऊन राहिली." अमरावती सहा किलोमीटर राहिल्याचा दगड गेला आणि ती बोलायची थांबली. दवाखान्याच्या दारात बापानं तिला उचलून घेतलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, माल बाजारात टाकून दे. पुंजाराम काही निर्दय माणूस नव्हता. त्या घटकेला त्याच्या तोंडून रोजचं वाक्य निघालं, एवढंच. त्या दसऱ्याला अमरावतीत किती दारांवर त्या फुलांची तोरणं लागली असतील, हा विचार मंजुषाच्या मनात पहिल्यांदा आला तेव्हा ती विजयाच्या चौथऱ्यावर उभी होती आणि कुणीतरी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घालत होतं.

सांत्वनाला येणाऱ्यांमध्ये रामराव सर होते, शाळेत खेळ शिकवणारे. माणूस भला, पण खेळाचं वेड इतकं की दुसरं काही दिसायचं नाही. ओसरीवर टेम्पोचा ड्रायव्हर सांगत होता, "काय पयाली पोट्टी! मी फाट्यावर बिडी पेटवली का नाई, तर समोर उभी." सरांनी तेवढंच ऐकलं. तेरावं झालं आणि पंधराव्या दिवशी सर सायकलवर हातघड्याळ घेऊन आले. म्हणाले, "मंजुषा, दारापासून फाट्यापर्यंत परत एकदा पळून दाखव." ती पळाली. त्याच वाटेनं, तशीच अनवाणी. फाट्यावर सर घड्याळाकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, सर प्रणालीसाठी रडतायत. आपली पहिली शर्यत आपण आधीच हरलो आहोत, हे तिनं सरांना कधीच सांगितलं नाही.

पुढचं सगळं सरांच्या डोक्यातून निघालं. पुढच्या वर्षीच्या चौदा वर्षांखालच्या गटासाठी मंजुषाचं वय काही महिन्यांनी पुढं जात होतं. शाळेत प्रणालीचं नाव अजून पटावर होतं. दसऱ्याच्या गर्दीत पोरीचं मरण नोंदवायला कोण जातं? "कागदाचंच तर काम हाय, पुंजाराम," सर ओसरीवर म्हणाले. "एक पोरगी गेली, दुसरीचं तरी सोनं होऊ द्या. तिच्या नावानं हिची तीन वर्षं वाचतात." पुंजारामला वाचता येत नव्हतं. त्यानं अंगठा दिला. मग मारुतीच्या पारावर गाव जमलं. गावातून आजवर तालुक्याच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. ठरलं ते असं की, दसऱ्याला गेली ती मोठी, मंजुषा. जी आहे ती प्रणाली. गावची गोष्ट गावात. आणि गावानं शब्द पाळला, तो असा की काही वर्षांनी गावच्या पोरांना तेच खरं वाटायला लागलं. कुणाला धाक नव्हता, कुणाला लोभ नव्हता. गावाला आपली पोर पुढं जायला हवी होती, इतकंच. सोळा वर्षांखालच्या राज्य स्पर्धेत तिच्यामागून दुसरी आलेली मेळघाटातली, सेमाडोहकडची एक बारकी पोर पुन्हा कुठल्या मैदानात दिसली नाही. तिचं वय खरं होतं.

पुंजारामनं नंतर फोटो करून आणला. शाळेच्या गॅदरिंगचा प्रणालीचा फोटो मोठा करून घेतला, आणि गावाच्या ठरावाप्रमाणे खाली दुकानदाराकडून लिहून घेतलं, 'कै. कु. मंजुषा पुंजाराम होले'. लीलाबाईनं, मायनं, ती तसबीर भिंतीवर लागूच दिली नाही. "जित्या लेकराच्या नावाले कै. लावता?" ती ओरडली होती. "आन् मेलेल्या लेकराले नावच नाई?" तिनं फ्रेम पेटीत तळाशी टाकली आणि वर लुगडी रचली. ज्या घरचे हार अमरावतीच्या देवळांत आणि सभांत जायचे, त्या घरात आपल्याच पोरीच्या फोटोला हार नव्हता. घालावा तर जिवंत मुलीच्या नावावर पडतो. न घालावा तर मेलेली उपाशी. मंजुषा तेरा वर्षांची होती आणि पेटीत आपलं नाव कै. होऊन पडलंय हे तिला ठाऊक होतं. वळकटी त्या पेटीवरच ठेवायची पद्धत होती.

मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली. बाहेर कुणी भजी तळत होतं, आणि शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांवर गवत माजलं होतं. तिनं पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडलं, प्यायली नाही. मग तिला शर्यतीतली ती पावलं आठवली. आठशे मीटरला दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत सगळं नीट असायचं. घंटा वाजली आणि दुसरी फेरी सुरू झाली, की डाव्या खांद्यामागं अनवाणी पावलं यायची. खिळ्यांच्या बुटांचा, स्पाइक्सचा आवाज वेगळा, तो चरचरतो. ही पावलं ओल्या मातीवर पडल्यासारखी, मऊ. प्रेक्षक ओरडायचे, "प्रणाली! प्रणाली!" आणि मंजुषाला वाटायचं, ते मागचीला हाका मारतायत. जिचं नाव तिला हाका मारतायत. ती पुढं गेली तर? नाव परत मागितलं तर? त्या भीतीनं ती पळायची. सर म्हणायचे, पोरीत जिगर आहे. वर्तमानपत्रं म्हणायची, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ती जणू कुणापासून पळत असते. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, काय छान लिहिलं. तीन वर्षं लागोपाठ ती देशात पहिली आली आणि तिन्ही वेळा शेवटची फीत छातीला लागल्यावर ती मागं वळून बघायची. लोक समजायचे, दुसरी कोण आली ते बघते.

मग एकदा परदेशात, भारताची निळी जर्सी घालून. घंटा वाजली, दुसरी फेरी लागली, तिनं कान मागं लावले आणि मागं कुणी नव्हतं. म्हणजे पोरी होत्या, चिनी, कझाक, श्वास टाकत, स्पाइक्स वाजवत. ती मात्र नव्हती. समुद्र ओलांडून ती आलीच नाही. मंजुषाचे पाय एकदम जड झाले, आणि ती सहावी आली. हॉटेलच्या खोलीत ती रडली, पण हरल्याबद्दल तिला काहीच वाटत नव्हतं. तिला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. परत आल्यावर वर्षभरात तिनं पळणं सोडलं आणि नोकरीचं पत्र आल्या दिवशी अकोल्याला गेली. पावलं तिथं पोचली. मैदानात यायची ती आता घरात यायला लागली. कुकरची शिट्टी झाली की त्यानंतरच्या शांततेत, सुट्टीच्या दिवशी कुलदीप बाहेर गेल्यावरच्या रिकाम्या दुपारी, फरशीवर. ती हातातलं काम टाकून उभी राहायची. कुलदीप म्हणायचा, तुझं लक्ष नसतं. बिचारा. चौदा वर्षं तो एका मुलीच्या नावानं दुसरीशी संसार करत होता आणि दोघींपैकी कुणाचंच लक्ष नसायचं.

अमरावतीहून रिद्धपूरकडे जाणारी काळीपिवळी टॅक्सी तिला फाट्यावर सोडून गेली तेव्हा पावणेदोन झाले होते. तो तीन किलोमीटरचा रस्ता आता डांबरी झालाय. तिनं तो चालत काढला, गुडघे सांभाळत, आणि वाटेत कुणाशी बोलली नाही. माय अंगणात गोणपाटावर बसून शेवंतीचा हार ओवत होती. सत्तरीची बाई, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवायची.

"आली तू," माय मान वर न करता म्हणाली. "जेवली?"

"माय, तीन वाजता लोक येऊन राहिले."

"येऊ दे. चाय ठेवू."

"तो फोटो आज काढून ठेव. रविवारपुरता. मंग लाव."

"रविवारी तुहं नाव मोठ्या दारावर लागन. सोमवारी तू म्हनशीन, आता कसा लावतं?" मायनं गाठ मारून दोरा दातानं तोडला. "सत्तावीस वर्सं माहे रविवार गेले, पोरी."

"नोकरी जाइन माही. मेडलं वापस घेतीन. कुलदीपले काय सांगू मी, मी कोन हाओ म्हनून?"

मायनं हार मांडीवर ठेवला. ती चिडली नव्हती. तिचा आवाज भाकरी थापतानाचा असतो तसा होता. "तुहं तू पाय. मी तुह्यापासी काईच मांगून नाई राहिली. मी मेली का तू माह्या फोटोले हार घालशीन. तिले कोन घालन? तिच्या नावानं तू जिती हायस तवर ती मेली नाई. आन् ती मेली नाई तवर मले तिच्यासाठी रडता येत नाई. कोनी इचारलं, कावून रडतं, तर काय सांगू? माही प्रणाली त टीव्हीवर हाय." तिनं समोरच्या खोलीकडे हात केला. "जाय, काढ. मी हात धरत नाई तुहा. पन तुह्या हातानं काढ."

मंजुषा आत गेली. समोरच्या खोलीत उजेड कमी होता. पितळेच्या कड्या, धान्याची कोठी, तिच्या स्पर्धांचे पेले लावलेली काचेची कपाटं, आणि पुंजारामशेजारी ती. मंजुषानं स्टूल ओढलं, चढली, फ्रेम दोन्ही हातांनी खिळ्यावरून उचलली, आणि मग तिनं पाहिलं. सत्तावीस वर्षांनी. पेटीतला फोटो तिनं कधी काढून पाहिला नव्हता. रोज मागं येणारीचा एक चेहरा तिच्या मनात होता, आणि आता तिच्या ध्यानात आलं की तो चेहरा तिचा स्वतःचाच होता, मोठा होत गेलेला, रागावलेला. ही तर कुणी वेगळीच होती. दोन वेण्या, त्यांना लाल फिती, एक पुढचा दात अर्धा तुटलेला, उन्हामुळे डोळे बारीक केलेले. हिला कशाचा राग नव्हता. हिला काहीच नको होतं, फारतर गॅदरिंग संपून लवकर घरी जायचं होतं. मंजुषाला त्या क्षणी इतकं प्रेम दाटून आलं की स्टूलवर तिचा तोल गेला. ती आपल्या लहान बहिणीला विसरली होती. सत्तावीस वर्षं घाबरण्याच्या नादात ती तिला विसरून गेली होती, आणि हे तिच्या सगळ्या खोट्यांपेक्षा मोठं होतं.

बाहेर जीप थांबली. वेळेआधी, पावणेतीनलाच. बुटांचा, कॅमेऱ्याच्या पेटीचा आवाज, आणि सूर्यभान सर दारात, हसत, मागं कॅमेरा घेतलेला एक माणूस.

"अरे वा, मॅडम! तुम्ही आमच्याही आधी! स्टूलवर काय करून राहिल्या? फोटो? लहानपणीचा दिसतो. आणा इकडे, इथूनच सुरुवात करू." त्यांनी पुढं येऊन फ्रेम धरली, तिच्या हातातून जवळजवळ घेतलीच, आणि खालचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. "हे... कै. काहून लिहिलं, मॅडम?"

ती स्टूलवरून खाली उतरली.

"समजलं," सूर्यभान सर म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते, दुसऱ्याची अडचण त्यांना बघवत नसे. "फ्रेमवाल्यानं घोळ केला. आजकाल त्या दुकानातले पोट्टे काहीही टाकतात, जित्याले मेलेलं करतात. लपवून ठेवा, कॅमेऱ्यात येणार नाही. आईंना वाईट वाटलं असेल."

दार उघडं होतं. निघून जायला वाट इतकी सोपी, की नुसती मान हलवायची. सर स्वतःच खोटं बोलून मोकळे झाले होते, तिला फक्त हो म्हणायचं होतं. अंगणात मायची सुई थांबली होती. मायनं वळून पाहिलं नाही. मंजुषाच्या पायांचे पंजे जमिनीवर आवळले गेले, आरंभरेषेवर आवळले जायचे तसे, आणि तिनं श्वास धरून ठेवला. मागं काहीच ऐकू येत नव्हतं.

"घोळ नाही, सर," ती म्हणाली. "ही प्रणाली. माझी लहान बहीण. सत्त्याण्णवच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मळ्यात साप चावला तिले. माझ्या ओळीत."

सूर्यभान सर फ्रेमकडे पाहत राहिले, मग तिच्याकडे. कॅमेरावाल्याला काही कळलं नव्हतं. तो भिंतीवर बटण शोधत होता.

"मग तुम्ही?"

"मी मंजुषा."

सर काहीतरी बोलणार होते. त्यांच्या डोळ्यांपुढं प्रवेशद्वार आलं असेल, छापून झालेल्या पत्रिका आल्या असतील, पाहुणे आले असतील. पण तेवढ्यात अंगणातून आवाज आला. आधी बारीक, विहिरीच्या रहाटाची करकर असते तसा, आणि मग घर भरून टाकणारा. लीलाबाईनं छाती बडवून घेतली होती. "माही प्रणाली गेली व माय! माही सोन्याची लेक गेली! मायले सोडून कुठं गेली व तू!" सत्तरीच्या बाईच्या गळ्यातून तो आवाज कसा निघाला कोण जाणे. ती आत आली, हार हातात लोंबत होता, त्यातली निम्मी फुलं दाराशीच सांडली, आणि तिनं सूर्यभान सरांच्या हातातली फ्रेम ओढून पोटाशी धरली आणि जमिनीवर बसली.

शेजारपाजारच्या बाया हातातली कामं टाकून धावत आल्या. कुणाचे हात पिठाचे होते, कुणाचा पदर ओला. रडणं ऐकून त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं, आणि दारातच डोक्यावर पदर ओढला. शेजारची नवी सून, या गावात येऊन वर्षसुद्धा न झालेली, मंजुषाजवळ आली आणि कानाशी लागून म्हणाली, "कोन गेलं वो, ताई?"

"माही बहीन," मंजुषा म्हणाली. कोण गेलं याचं हे उत्तर तिनं गावात आजवर कुणालाच दिलं नव्हतं. ती मायशेजारी खाली बसली, मायच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि लहानपणी रडायची तशी हुंदके देऊन रडायला लागली. बायांनी दोघींना मधे घेतलं. कॅमेरावाल्यानं हळूच सूर्यभान सरांकडे पाहिलं. सरांनी त्याला कॅमेरा खाली ठेवायची खूण केली, मग दोघांनी बूट काढून बाहेर ठेवले, आणि सुतकाच्या घरी बसतात तसे दाराजवळ जमिनीवर मान खाली घालून बसले.